पालवी दाट, मोहोर नाही

माउली, परसातला कलमी आंबा 12 वर्षांचा झाला. पालवी दाट, पण मोहोर नाही. मी रोज पाणी घाली, युरियाही टाकी. एक जाणता बागाईतदार म्हणाला, "बुवा, पाऊस सरला की पाणी तोडा. नत्राने नुसती पाने वाढतात. ताण बसल्याशिवाय आंबा मोहरत नाही."

मन चरकले. 40 वर्षे कीर्तन केले; नारळ, फेटे, वाहवा यांचेच खतपाणी झाले. पाठांतर वाढले, पण धाकट्या भावाशी धरलेला अबोला सुटला नाही.

यंदा दिवाळीपासून पाणी तोडले. भावाच्या घरी गेलो आणि थोरला असूनही, वारकऱ्यांच्या रीतीने, आधी त्याच्या पाया पडलो. मोहोर पांडुरंगाच्या हाती.

तुमच्या झाडाला कशाचे पाणी चालले आहे, एकदा पाहा.