गच्चीवरून गच्चीवर

दोन वर्षांपूर्वीं आम्ही आमच्याच घराच्या जिन्यावरून पडलों. त्या पडण्यांत कांहीं पराक्रम नव्हता. दिवे लागलेले होते, पायांत वहाणा नव्हत्या, हातांत पाण्याचा तांब्यासुद्धां नव्हता. शेवटची पायरी संपली अशा समजुतीनें आम्हीं पाऊल टाकलें आणि ती संपली नव्हती, एवढेंच. उजवें मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहिलें. पुढें मनगट जुळलें, पण जिन्याचा व आमचा जो बेबनाव झाला तो मिटला नाहीं. आतां आम्ही कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवीत, नजर अंगठ्यावर खिळवून उतरतों. आमच्यामागून निघालेली मंडळी खालीं चहा पिऊन कप विसळीत असतात तेव्हां आमची स्वारी मधल्या वळणावर असते.

खरें सांगावयाचें तर ही भीति त्या जिन्यानें दिलेली नव्हे. ती फार जुनी आहे. लहानपणीं आम्ही ज्या वाड्यांत राहत होतों त्याची गच्ची आणि शेजारच्या वाड्याची गच्ची यांच्यामध्यें अडीच-तीन हातांचा बोळ होता. संक्रांतीच्या दिवसांत पतंग कटला कीं आमचे सोबती त्या बोळावरून बेलाशक उडी टाकून पलीकडे जात. आम्ही मात्र जिना उतरून, बोळ ओलांडून, पलीकडचा जिना चढून जात असूं. आणि आम्ही पोंचेपर्यंत पतंग, मांजा व सोबती हीं सारीं तिसऱ्याच गच्चीवर गेलेलीं असत. या गोष्टीला साठ वर्षें झालीं, तरी त्या बोळाची रुंदी आम्हांस अजून विटा मोजून सांगतां येईल.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत आमचा चौदा वर्षांचा नातू आमच्याकडे राहावयास आला तो आपला संगणक बगलेंत मारूनच. व्हिडिओ गेम या वस्तूविषयीं आमच्या वयाच्या माणसाचें जें मत असावयाचें तेंच आमचेंही होतें, व तें आम्हीं त्याला जेवणाच्या पानावर दोन-तीन वेळां ऐकविलेंही. चौथ्या खेपेस तो म्हणाला, ‘आजोबा, एकदां खेळून बघा, मग नांवें ठेवा.’ युक्तिवाद बिनतोड होता. पुस्तक न वाचतां त्याचें परीक्षण लिहिणारांस आम्ही आयुष्यभर हंसत आलों आहों. आम्हीं खुर्ची पुढें ओढली.

त्यानें आमच्यापुढें मांडलेला खेळ म्हणजे ‘मिरर्स एज’. तो कांहीं नवा नव्हे, त्याच्या जन्मापूर्वींचाच आहे. स्वीडनमधील स्टॉकहोम येथील ‘डाइस’ या मंडळींनीं तो तयार केला. २००८ च्या नोव्हेंबरांत तो प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या यंत्रांकरितां निघाला, व २००९ च्या जानेवारींत संगणकाकरितां. तोंपर्यंत या मंडळींची ख्याति ‘बॅटलफील्ड’ या लढायांच्या खेळांबद्दल होती. येथें मात्र त्यांनीं एक निनांवी, लखलखीत, अति शिस्तीचें शहर उभें केलें आहे. तेथील सरकार लोकांच्या प्रत्येक निरोपावर डोळा ठेवतें. म्हणून ज्यांना कांहीं गुपचूप पोंचवावयाचें असेल ते तें ‘रनर’ म्हणविणाऱ्या जासुदांच्या हातीं देतात, आणि हे जासूद रस्त्यानें न जातां गच्च्यांवरून पळतात. फेथ ही त्यांतली एक तरुणी. तिची बहीण केट पोलिसांत असते. महापौरपदासाठीं उभ्या राहिलेल्या रॉबर्ट पोप या गृहस्थाच्या खुनाचा आळ केटवर येतो आणि तिला सोडविण्यासाठीं फेथची सारी धांवाधांव. कथा इतपतच आहे, व ती इतपतच लक्षांत राहते.

उड्यांचे खेळ आमच्या मुलांच्या लहानपणींही होते. त्यांत मिशीवाला मारिओ पडद्यावर आडवा धांवे आणि आपण बाजूला बसून त्याला पाहत असूं, जसा रस्त्यांत उभें राहून डोंबाऱ्याचा खेळ पाहावा. खड्डा केवढा आणि उडी केवढी हें दोन्ही डोळ्यांपुढें असे. ‘मिरर्स एज’मध्यें पाहणारा आणि डोंबारी एकच. जें फेथच्या डोळ्यांना दिसतें तेवढेंच आपल्याला दिसतें, आणि धांवणाऱ्या माणसाला स्वतःचीं पावलें दिसत नसतात. प्रत्यक्षांत त्यावांचून अडत नाहीं. काठ कोठें संपला हें तळव्याला कळतें. पडद्याला तळवे कोठून असणार! हीच या जातीच्या खेळांची मूळची अडचण आहे. १९९५ सालीं प्लेस्टेशनवर आलेल्या ‘जम्पिंग फ्लॅश’ या खेळांत तिच्यावर एक गमतीचा तोडगा काढला होता: त्यांतला सशासारखा यंत्रमानव हवेंतल्या हवेंत दुसरी उडी घेई तेव्हां त्याची नजर आपोआप खालीं वळे, म्हणजे कोठें उतरावयाचें तें दिसे. तो खेळ आमच्यासारख्या, अंगठ्याकडे पाहून जिना उतरणाऱ्या माणसांसाठीं केला असावा.

‘मिरर्स एज’च्या कर्त्यांनीं नेमकें उलट केलें. त्यांनीं खेळणाराला पुढें पाहावयास लावलें, आणि न दिसणाऱ्या शरीराची खबर दुसऱ्या वाटांनीं पोंचविली. धांवतांना फेथचे हात दृष्टीच्या कडेला येतात-जातात. पत्र्यावर पाऊल पडलें तर एक नाद, सिमेंटवर पडलें तर दुसरा. वेग वाढला कीं श्वास वाढतो. सारें शहर पांढरें आणि वर निळें आभाळ. पण जी फळी, जो नळ, जें दार तिच्या उपयोगाचें तें जवळ येतांच तांबडें होत जातें, जणूं तिच्या सरावलेल्या डोळ्यांनीं तें आपल्याआधीं हेरलें. आणि आपण हट्टानें मान खालीं घातलीच, तर तिचे तांबडे बूट दिसतात व त्यांच्याखालीं चाळीस मजले.

आम्हीं अर्थातच मान खालीं घातली. पहिल्याच पाठांत सेलेस्ट नांवाची दुसरी धांवणारी मुलगी पुढें उडी टाकून दाखविते आणि मागून यावयास सांगते. आम्ही काठापर्यंत गेलों, थांबलों, खालीं पाहिलें, मग कळ दाबली. थांबून मारलेली उडी तोकडी पडते. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज वाढत गेला, चित्र फांकलें, आणि जमीन येतांना जो एक आवाज झाला तो आमच्या ओळखीचा होता. आमच्या मनगटांतून तो एकदां आला होता. आम्ही खुर्चीचे हात धरून बसलों. नातू घाबरून पाणी घेऊन आला. आंतून प्रश्न आला, ‘आतां बसल्या जागींही पडतां कीं काय?’

त्या दिवशीं आणखी खेळणें झालें नाहीं. डोकें गरगरत होतें. ही घेरी कर्त्यांच्या ध्यानांत असावी असें दिसतें, कारण पडद्याच्या बरोबर मध्यावर त्यांनीं एक बारीक ठिपका ठेवला आहे. गिरकी घेणारी नर्तकी जशी समोरच्या एका वस्तूवर नजर रोखते तसा हा ठिपका. दुसऱ्या दिवशीं आम्हीं तो धरून ठेवला. तिसऱ्या दिवशीं नातवानें खांद्यामागून हळूच सांगितलें, ‘आजोबा, खालीं नका बघूं. पलीकडची गच्ची बघा आणि थांबूं नका.’ आम्हीं पलीकडची गच्ची पाहिली व थांबलों नाहीं. फेथ उतरली. उतरतांना क्षणावर शिफ्टची कळ दाबली तर ती कोलांटी घेते आणि धांव मोडत नाहीं, हेंही त्याच दिवशीं साधलें. साठ वर्षांपूर्वींचा तो बोळ एवढाच तर होता!

येथून पुढें आठ-दहा दिवस जो आनंद आम्हीं भोगला त्याचें वर्णन करूं गेल्यास आमच्या वयाला शोभणार नाहीं, पण थोडें करतोंच. स्पेसच्या कळीनें वर जाण्याचें सारें होतें: उडी, चढण, भिंतीवरून आडवी धांव. शिफ्टनें खालचें सारें: वांकणें, घसरणें, कोलांटी. क्यूची कळ दाबली कीं गर्रकन पाठ फिरते. म्हणजे भिंतीवर सरळ चार पावलें चढावें, तेथेंच मागें फिरावें, आणि पाठीमागच्या उंच कठड्यावर झेप घ्यावी. तीन कळा, आणि सगळें मिळून पापणी लवण्याइतका वेळ. हें पहिल्यांदा साधलें तेव्हां आम्ही मोठ्यानें ओरडलों. एका प्रकरणांत पावसाचें पाणी वाहून नेणारीं प्रचंड भुयारें येतात. तेथील खांबांच्या मधून धांवतांना आमचीं बोटें आमच्या सल्ल्यावांचून काम करीत होतीं. कांहीं वेळानें लक्षांत आलें कीं आम्ही श्वास फेथच्या श्वासाबरोबर घेत आहों. पायांविषयीं इतका वेळ विचार न करण्याचा प्रसंग आम्हांस जिन्यानंतर आलाच नव्हता. त्यांत ‘सोलर फील्ड्स’ या नांवानें रचना करणाऱ्या मॅग्नुस बिर्गेर्सन यांचें संगीत. तें पुष्कळदां इतक्या हलक्या पावलांनीं येतें कीं तें थांबल्यावर कळतें.

आणि मग शिपाई येतात. या खेळाविषयीं आमचा जो राग आहे तो येथें आहे. सुरेख धांव चालली असतां एखाद्या बंद दालनांत किंवा उघड्या चौकांत पांच-सहा बंदूकवाले उभे केलेले असतात, व त्यांचें कांहींतरी केल्यावांचून पुढची वाट मिळत नाहीं. फेथ मारामारींत कच्ची आहे. ती कच्चीच असावयाची, ती जासूद आहे. शत्रूच्या हातांतील बंदूक हिसकावण्याचा एक क्षण असतो, त्याच्या हत्याराला तांबडी झांक येते तेवढाच. तो चुकला कीं मरण, आणि मरण आलें कीं पुन्हां त्या शिपायांच्याही मागें कोठेंतरी. तेंच दार, तोच जिना, तीच चढण, तेच पांच जण. हिसकावलेली बंदूक तिच्या हातांत आली कीं तिला नीट धांवतांही येत नाहीं, आणि हेंच आम्हांस योग्य वाटलें. आम्हीं ठरविलें कीं गोळी झाडावयाची नाहीं. नातू म्हणाला, ‘वेळ लागेल.’ वेळ लागला. एका ठिकाणीं चार संध्याकाळी गेल्या. पुढें त्याच्याकडूनच कळलें कीं प्लेस्टेशनवर व एक्सबॉक्सवर कोणालाही गोळी न घालतां खेळ पुरा करणाराला वेगळें मानचिन्ह मिळतें. म्हणजे असेंही खेळावें हें कर्त्यांना पसंत होतें तर! मग वाटेंत इतके शिपाई कशाला पेरले? शेवटाकडे तर केटला नेणारी गाडी थांबविण्यासाठीं दूरवरून बंदूक चालविणें भागच पडतें. पायांवर एवढा सुंदर खेळ रचणाऱ्या माणसांचा त्या पायांवर पुरता विश्वास नव्हता असें आम्हांस त्या जागीं वाटलें, आणि वाईटही वाटलें.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. लिफ्टमध्यें शिरलें कीं मुकाट्यानें उभें राहून भिंतीवरच्या बातम्या वाचाव्या लागतात. कधीं कधीं हात कठड्याला स्पष्ट लागलेला दिसतो आणि तरी पकड बसत नाहीं. अशा वेळीं चूक आमची कीं तिची हें शेवटपर्यंत कळत नाहीं. प्रकरणांच्या मध्यें कथा सांगावयाची ती सपाट रंगीत व्यंगचित्रांसारख्या चित्रांनीं, बाहेरून. तासभर जिच्या डोळ्यांच्या मागें बसून जग पाहिलें तिला असें एकाएकीं परक्यासारखें समोर पाहून आम्हांस चमत्कारिक संकोच वाटे. २०१६ सालीं ‘मिरर्स एज कॅटलिस्ट’ निघाला. त्यांत फेथच्या हातीं बंदूक येतच नाहीं. त्याबद्दल आम्ही कर्त्यांचे आभारी आहों, पण त्यांतलें शहर इतकें ऐसपैस आणि इतक्या बारीकसारीक कामगिऱ्यांनीं भरलेलें आहे कीं आम्हीं चार दिवसांत तें सोडलें. आम्हांस जुनें, अरुंद, एकाच दिशेनें पळावयास लावणारेंच बरें वाटतें.

जूनमध्यें शाळा उघडली आणि नातू गेला. जातांना खेळ आमच्या संगणकावर घालून गेला. शेवटचें प्रकरण तेवढें राहिलें होतें, तें आम्ही पुढें ढकलीत होतों. त्यांत शार्ड नांवाची उत्तुंग इमारत चढून जावयाचें असतें, आणि सर्वांत शेवटीं तिच्या माथ्यावरून, केटला घेऊन उडालेल्या हेलिकॉप्टरकडे उडी. पलीकडे गच्ची नाहीं. जें आहे तें दूर चाललेलें.

जिना उतरतांना आम्ही अजून अंगठ्याकडेच पाहतों, हें येथें प्रामाणिकपणें नमूद करतों. सौभाग्यवतींचें म्हणणें कीं आम्ही पूर्वींपेक्षां लवकर उतरतों. आमच्या मतें त्यांचा चहा हल्लीं उशीरां होतो.

परवां रात्रीं सगळे निजल्यावर आम्ही तें प्रकरण संपविलें. रविवारीं नातवाचा फोन आला.

‘आजोबा, मारलीत का उडी?’

‘मारली.’

‘कितव्या वेळीं?’

तें आम्हीं त्याला सांगितलें नाहीं.