थोरली चकती

चढाचे कौतुक सगळेच करतात. आमच्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी केली. ती कथा ऐकत वाढलेले आमचे चिरंजीव सुटीच्या दिवशी नांदुरीहून सप्तशृंगीच्या गडाचा घाट चढतात. मला धास्ती असते ती उतरण्याची!

त्याच्या सायकलीला दोन्हीकडे १६० मिलिमीटरच्या चकत्या. निम्मा घाट उतरेतो त्या अशा तापत, की ब्रेकची पकड मंदावे. थोरली चकती घ्यायचे ठरले.

हे गणित जात्याच्या खुंट्याचे आहे. खुंटा मध्यापासून जितका दूर, तितके जाते हलके. चकती मोठी, तर बोटांच्या त्याच जोरात चाक अधिक आवरते : १८० ची साडेबारा टक्क्यांनी, २०३ ची सुमारे सत्तावीस टक्क्यांनी. शिवाय मोठा पत्रा उशिरा तापतो.

चिरंजीवांना दोन्हीकडे २०३ हवी होती. पण त्याच्या फोर्कला कारखानदाराने १८० चीच मर्यादा घातलेली. ब्रेक दाबला की भार पुढे येतो आणि मागचे चाक हलके होऊन घसरते. तिथे जास्त जोर काय कामाचा? म्हणून पुढे १८०, मागे जुनीच.

नवी चकती आधी सपाटीवर पुन्हापुन्हा वेग आवरून मुरवावी लागते. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर तो ते इमानाने करीत होता. घाटाची घाई नव्हती. तेवढ्यावरून मला त्याच्या उतरण्याचा भरवसा आला.