आरशात काय दिसतं

दिग्रसमध्ये आता नवं घर उभं राहिलं की आरशाची चौकशी मोबाइलवर आधीच झालेली असते. दुकानात आलेला माणूस माप सांगायच्या आधी दिशा सांगतो. "भाऊ, उत्तरेच्या भिंतीवर लावाचा आहे. अन् पलंगासमोर नोको." यातलं पहिलं वास्तुशास्त्राचं, दुसरं फेंगशुईचं. गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच दमात ऐकायला मिळालेलं असतं, त्यामुळे त्याच्या लेखी ते एकच. मला मात्र हा फरक मोठा वाटतो. वास्तू आरशाची भिंत दिशेवरून ठरवते: उत्तर आणि पूर्व चांगली, दक्षिण आणि पश्चिम टाळावी. फेंगशुईतही दिशांचं गणित आहे, पण आरशापाशी आल्यावर तिचा पहिला प्रश्न असतो, यात काय दिसणार? दार दिसणार, पलंग दिसणार, ताट दिसणार, की झाड? काच कापण्यात केस पिकले, आणि या धंद्यात विचारण्यासारखा प्रश्न हाच आहे असं माझं मत झालं.

फेंगशुई म्हणून जे नियम आज सांगितले जातात, ते सगळेच हजारो वर्षांचे असणं शक्य नाही, हेही काच हाताळणाऱ्याला लगेच कळतं. ती विद्या मुळात कबरीची जागा निवडण्याच्या विचारातून वाढली. 'झांगशू' हा तिचा जुना ग्रंथ दफनाबद्दलच आहे. जुन्या चीनमधले आरसे घासूनपुसून लख्ख केलेल्या काशाचे, बहुतेक हातात मावतील एवढे. काचेच्या मागे चांदीचा पातळ थर चढवण्याची रासायनिक रीत युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1835 मध्ये दाखवली. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून मोठे, सपाट, स्वस्त तक्ते काढण्याची रीत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने 1959 मध्ये जाहीर केली. त्याआधी भिंतभर आरसा म्हणजे राजवाड्याची गोष्ट. पुण्याच्या शनिवारवाड्यात आरसा महाल होता. आमच्याकडच्या धाब्याच्या घरात वीतभर आरसा असायचा, तोही ओसरीच्या खांबावर, कारण उजेड तिथेच. पलंगासमोर सहा फुटी आरसा नको, हा नियम म्हणून तसा नवाच. नवा आहे म्हणून तो चुकीचा ठरत नाही.

उलट आमच्या भागात त्याच नियमाची सगळ्यात जास्त गरज पडते, आणि त्याचं कारण लग्नातलं कपाट. मुलीला लोखंडी कपाट द्यायचं आणि त्याच्या एका दाराला उभा आरसा हवाच. दहा बाय बाराची खोली. एका भिंतीला खिडकी आणि कूलर, एकीला दार, एकीला पलंग. मग कपाट कुठे जाणार? पलंगासमोर. रात्री झिरोच्या दिव्यात माणूस कुशीवर वळतो आणि समोरही कुणीतरी वळतं. तरुणपणी त्याचं काही वाटत नाही. म्हातारपणी, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, ताप असताना, घरात नुकतंच कुणी गेलेलं असताना वाटतं. एका घरच्या आजी मला म्हणाल्या होत्या, "मले रातच्याला तो आरसा पाह्यते बाप्पा." मुलगा हसला. मी हसलो नाही. आजींची झोप उडत होती ही गोष्ट खरी होती, तिला ऊर्जा म्हणा की आणखी काही. कपाट हलवायला जागा नव्हती. आरसा काढून त्याच दाराच्या आतल्या अंगाला बसवला. दार उघडलं की आरसा, मिटलं की नुसतं कपाट. हे काम करायचं तर आतल्या फळ्या दोन-अडीच इंच मागे घ्याव्या लागतात आणि बिजागऱ्या तपासाव्या लागतात, कारण चार मिलिमीटरची काच चौरस मीटरला दहा किलो भरते.

कूलरचं मी मुद्दाम सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे कूलरशिवाय झोप नाही, आणि कूलरच्या ओल्या वाऱ्याच्या झोतात आरसा लावला की दोन-तीन उन्हाळ्यांत त्याच्या कडा काळ्या पडू लागतात. दमटपणा कडेकडून मागे शिरतो आणि चांदी खातो. स्वस्त सिलिकॉननेही तेच होतं. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो ते आरशाच्या पाठीला लावूच नये, बिनवासाचं न्यूट्रल घ्यावं. आरसा भिंतीला सपाट चिकटवू नये, मागे हवा खेळायला दोन-तीन सूत जागा ठेवावी. डागाळलेला, तडकलेला आरसा घरात नको असं फेंगशुई सांगते आणि आपल्या आजीही सांगत. तडकलेली काच कधी निखळेल याचा भरवसा नसतो, म्हणून मीही तेच सांगतो.

फेंगशुईचा आणखी एक नियम मला कारागिरीच्या अंगाने फार पटतो: आरशाने माणसाचं डोकं कापू नये, चेहऱ्याचे तुकडे करू नयेत. चौकोनी तुकडे जोडून केलेल्या भिंतीत माणूस फुटलेला दिसतो. सकाळी कामावर निघताना रोज स्वतःला तसं बघणं कुणाच्याच हिताचं नाही. आणि एकसंध आरसा लावतानाही बहुतेक ठिकाणी मिस्त्री स्वतःच्या उंचीने लावून मोकळा होतो. मी आधी घरातलं सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटकं माणूस उभं करतो. पूर्ण अंग दिसायला अंगाच्या निम्म्या उंचीची काच पुरते, मग तुम्ही जवळ उभे राहा की लांब. पावणेसहा फुटांच्या जरा पुढचा, म्हणजे सत्तर इंचांचा मुलगा आणि जिचे डोळे चौपन्न इंचांवर येतात अशी आई, दोघांना एकच आरसा हवा असेल तर खालची कड सत्तावीस इंचांवर आणि वरची अडुसष्टवर. म्हणजे साडेतीन फुटांत काम भागतं. सहा फुटी आरशाचा खर्च वाचतो, आणि आईला टाचा उंचावून कुंकू लावावं लागत नाही.

दाराबाबत मात्र मी फेंगशुईच्या पुस्तकापेक्षा घराचं ऐकतो. मुख्य दारासमोर आरसा असला की आलेली ऊर्जा परत फिरते, असं पुस्तकात असतं. आमच्या जुन्या वस्तीत घरं अरुंद आणि खोल, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. उजेड येतो तो समोरून आणि मागच्या अंगणातून. मधल्या खोलीत दिवसाही दिवा. अशा घरात समोरासमोर नको, पण दाराच्या बाजूच्या भिंतीवर आरसा आडवा लावला तर उजेड आत दोन पावलं जास्त जातो. पश्चिमेचं दार असेल तर तेही नको. मे महिन्यातलं चार वाजताचं ऊन आरशाने घरात घ्यायचं म्हणजे कूलरला पाणी पुरणार नाही.

फेंगशुईच्या दुकानात मिळणारी अष्टकोनी चौकट, तिच्यावर तीन-तीन रेघांच्या आठ आकृत्या आणि मधे गोल आरसा, त्याला बागुआ म्हणतात. तो घराबाहेर लावायचा, वाईट ते परतवायला. काही बागुआंतला आरसा बाहेरून फुगीर असतो. हे पाहिलं की मला आमच्या आसपासचे बंजारा तांडे आठवतात. पोहरादेवीची यात्रा दिग्रसपासून लांब नाही. रामनवमीला वाटेने जाणाऱ्या जुन्या बायांच्या फेटिया-कांचळीवर, म्हणजे घागरा-चोळीवर, बसवलेल्या काचा पाहाव्यात. पूर्वी या काचा फुगवलेल्या पातळ गोळ्याच्या तुकड्यांतून काढत, म्हणून प्रत्येक तुकडा जरासा फुगीर. फुगीर आरसा चेहरा धड दाखवत नाही. तो उजेड चारी दिशांना उधळतो. नजर लागू नये म्हणून काच, हे आमच्याकडे सहज बोललं जातं. चीनमधल्या दारावरचा आरसा आणि तांड्यातल्या बाईच्या बाहीवरचा आरसा एकाच आकाराकडे गेले, हे मला त्या सगळ्या नियमांपेक्षा मोठं वाटतं. आता कांचळीवर काचांच्या जागी प्लॅस्टिकच्या टिकल्या येतात. हलक्या असतात, धुवायला सोप्या असतात, पण उन्हात तशा पेटत नाहीत. जुनी कांचळी घरात असेल तर विकू नका, एवढंच मी सांगत असतो.

बागुआ बसवायला मी जातो, पण एका अटीवर: समोरच्या घराच्या दारावर त्याचं तोंड करणार नाही. एका गिऱ्हाइकाचं घर तिठ्यावर होतं, रस्ता थेट दारावर येऊन आदळायचा. जुनी माणसं याला वेध म्हणतात. रात्री गाड्यांचे दिवे बैठकीतून थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचे. त्यांना आरसा लावायचा होता, आणि लावला असता तर तोच झोत समोरच्या वळणावरच्या घरात गेला असता. दोन्ही घरांत आधीच बोलणं नव्हतं. मी त्यांना दारापुढे साडेतीन फुटांची आडभिंत घालायला सांगितली आणि तिच्यावर मधुमालतीचा वेल. फुगीर आरसाच हवा असेल तर तो वळणावर लावू, असंही सुचवलं. घाटात असतो तसला दोन फुटी, म्हणजे येणारा-जाणारा दोघांना दिसेल आणि पोरं सायकली घेऊन निघाली की अंगावर गाडी येणार नाही. समोरच्या घरच्या काकूंनाही ते पटलं. नगरपरिषदेत अर्ज त्यांनीच नेऊन दिला, आणि खर्च दोन्ही घरांनी वाटून घेतला. आरसा नऊ फुटांवर, किंचित खाली झुकवून बसवला. त्याहून खाली असता तर कापसाने भरलेली पहिलीच ट्रॉली वळताना त्याला घेऊन गेली असती.