दातांचा धडा

शेजारच्या मुलाने यंदा अकरावी सायन्सला प्रवेश घेतला. परवा त्याचं जीवशास्त्राचं एनसीईआरटीचं पुस्तक हातात आलं आणि मी सवयीने पचनसंस्थेचा धडा शोधायला लागले. मिळेना. अनुक्रमणिका उघडली. श्वसन आहे, रक्ताभिसरण आहे, उत्सर्जन आहे, पचन नाही. “ताई, तो काढून टाकलाय. नीटलाही नाही आता,” तो म्हणाला. एक धडा कमी झाल्याचा आनंद त्याच्या आवाजात होता, आणि त्या वयात तो असायलाच हवा. मी मात्र पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले.

२०२२ साली अभ्यासक्रमाचा भार हलका करताना हा धडा गेला, २०२४पासून नीटच्या अभ्यासक्रमातूनही. त्या धड्याची सुरुवात तोंडापासून व्हायची. दात जबड्याच्या हाडात खोबणीत बसलेले असतात, माणसाला ते आयुष्यात दोनदा येतात, आणि ते चार प्रकारचे असतात: पटाशीचे, सुळे, उपदाढा, दाढा. दोन-एक-दोन-तीन, वर आणि खाली. थोडा मजकूर, एक आकृती. दंतवैद्य व्हायला निघालेली मुलं ज्या परीक्षेतून निवडली जातात, तिच्या अभ्यासात दातांना एवढीच जागा होती. ती मला फार प्रिय होती.

२०१६च्या उन्हाळ्यात मी लातूरला होते. आमची तयारी राज्याच्या सीईटीची होती. बारावीचा राज्य मंडळाचा अभ्यासक्रम, दोनशे प्रश्न, चुकीला दंड नाही. ११ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने नीट रद्द करणारा स्वतःचाच २०१३चा निकाल मागे घेतला, महिनाअखेरीस परीक्षा याच वर्षी घ्या असं सांगितलं, आणि दुसऱ्या टप्प्याची तारीख पडली २४ जुलै. म्हणजे ५ मेची सीईटी देऊन झाल्यावर जे दिवस उरत होते, त्यात अकरावी-बारावी दोन्ही वर्षांचं एनसीईआरटी नव्याने वाचायचं. एकशे ऐंशी प्रश्न, बरोबरला चार, चुकला तर एक वजा. २४ मेच्या वटहुकमाने सरकारी जागा त्या एका वर्षापुरत्या सीईटीवर राहिल्या, खासगी कॉलेजांना नीट लागू झाली. वटहुकूम दोन निघाले होते. त्यातला एक फक्त दंतवैद्यकासाठी, १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती करणारा. पेपरात ते वाचून मला बरं वाटलं होतं. दातांचं कुणीतरी वेगळं नाव घेतलं होतं.

त्याच ११ एप्रिलला मिरजेहून लातूरसाठी पाण्याची रेल्वे सुटली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोहोचली. मांजरा धरण आटलं होतं. पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लावून झालं होतं. त्या वाघिणी वाफेने धुऊन आल्या होत्या त्या राजस्थानातल्या कोट्याहून. आमच्या क्लासमध्ये कोटा म्हणजे फक्त एकच गोष्ट, कोचिंग. तिथे रेल्वेचा कारखानाही आहे, हे आम्हाला पाण्यामुळे कळलं. गावाकडची बरीच मुलं परत गेली. मी राहिले, आमच्या गावी तरी कुठे पाणी होतं.

कमी वेळात अभ्यास करताना काय सोडायचं, हेच आधी ठरवावं लागतं. आमचे सर रोज एक धडा ‘सोडा’ म्हणायचे आणि एक ‘धरा’ म्हणायचे. ॲनिमल किंगडम धरा. प्लांट किंगडम दोनदा धरा. फिजिक्सचं जे येतं तेच पक्कं करा. सीईटीने लावलेली एकही गोल रिकामा न सोडण्याची सवय मोडायची, ही त्याहून अवघड गोष्ट. माहीत नसलेल्या प्रश्नापाशी पेन उचलून पुढे जायचं. अकरावीचं पुस्तक तेव्हा दुकानात मिळेना, म्हणून मी शरीरक्रियेच्या धड्यांची झेरॉक्स काढली होती. दातांची आकृती त्यात इतकी काळी आली होती की सुळे कुठले हे अंदाजानेच ओळखायचं.

ती झेरॉक्स घेऊन मी टँकरच्या रांगेत बसायची. रात्री अकरा-साडेअकराला टँकर यायचा, कधी यायचाच नाही. उपडी घागर, वर मी, डोक्यावर खांबाचा दिवा. पुढच्या नंबरवरच्या मावशींनी एका रात्री विचारलं, “काय वाचायलीस गं माय?” दात, मी म्हणाले. दाताची डॉक्टर व्हायचंय. त्यांनी पदर बाजूला केला. उजवा गाल सुजलेला होता. “मग बग की, काय झालंय ते.” आणि भर रांगेत, दिव्याकडे तोंड करून, त्यांनी आ केला.

मी मोबाइलचा टॉर्च लावला. मिश्रीने काळे झालेले दात. खालची एक दाढ अर्धी तुटलेली. मी काय करू शकत होते? मी मोजले. दोन, एक, दोन... पुढे जागा रिकामी होती. मावशी तोंड मिटून माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात दाखवा. त्या म्हणाल्या, “तू शिक, मग तुलाच दाखवीन.” टँकर आला तेव्हा त्यांनी माझी घागर आधी भरून दिली.

बीडीएसला नंबर लागला. तेव्हापासून आजवर लोक मला एकच विचारत आले: एमबीबीएस नाही लागलं का? लग्नाच्या बोलण्यातसुद्धा कुणीतरी हळहळतं. मला याचा राग येतो, आणि तो कमी व्हावा असं मला वाटतही नाही. एकाच परीक्षेत, एकाच गुणवत्ता यादीत वरची मुलं एकीकडे जातात आणि मग जे उरतं ते दातांना, अशी सगळी मांडणी आहे. माझ्या वर्गात दुःखी चेहऱ्याने आलेली कितीतरी मुलं होती. पहिल्या वर्षी मेणाचा ठोकळा आणि लेक्रॉन, म्हणजे कोरायचं हत्यार, हातात देऊन वरचा मधला पटाशीचा दात कोरायला सांगितला, तेव्हा त्यातल्या काहींचे हात असे चालले की मॅडम बघत राहिल्या. ते हात कुठल्याच परीक्षेने पाहिले नव्हते. अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेत एके काळी खडू कोरायला लावत. कॅनडात साबणाची वडी कोरायची परीक्षा होती. ठरलेला आकार, ठरलेला वेळ, मापं काटेकोर. हे वाचलं तेव्हा मला लातूरचा तो उन्हाळा आठवला. त्या दिवसांत आम्ही साबण लावायचाच टाळायचो, कारण धुवायला पाणी लागतं.

मावशी पुन्हा भेटल्या नाहीत. पावसाळा आला, नळाला पाणी आलं, रांग संपली. तिसऱ्या वर्षी पुस्तकात तंबाखूमुळे गालाच्या आतल्या बाजूला येणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याचं चित्र पाहिलं. तेव्हापासून एक गोष्ट मला सोडत नाही. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात तसा चट्टा मी पाहिला होता, असं मला वाटतं. तुटलेल्या दाढेच्या मागे, गालाच्या कडेला. खरंच पाहिला होता, की शिकल्यानंतर तो माझ्या आठवणीत येऊन बसला, हे मी ठरवू शकत नाही. कितीदा तरी ते तोंड पुन्हा डोळ्यांपुढे उघडून बघितलंय. दाढ दिसते, मिश्री दिसते. चट्टा कधी दिसतो, कधी नाही.

आता माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. मंगळवारच्या बाजारादिवशी गर्दी असते. दाढ दुखते म्हणून आलेल्या बाईचा मी आधी गाल ओढून आतून बघते, मग दाढ. मिश्री, म्हणजे तव्यावर तंबाखू भाजून केलेली पूड, दात घासायला म्हणून सुरू होते. मग सकाळची एकदा, जेवणानंतर एकदा, दुपारी शेतात एकदा. बायका सांगतात, लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हात कामाला लागत नाही. ‘कॅन्सर होईल’ म्हटलं की त्या मान हलवतात आणि बाहेर पडून पुडी काढतात. म्हणून मी भीती घालणं थांबवलंय. किती वेळा, ते विचारते. त्यातली कुठली सोडता येईल, ते त्यांनाच ठरवू देते.

गेल्या मंगळवारी आलेल्या आजींनी खूप वेळ विचार केला. म्हणाल्या, “सकाळची ऱ्हाऊ दे. दुपारची सोडते.” चार आठवड्यांनी परत बोलावलंय. त्यांची सूनही लावते, सासूनेच लावायला शिकवली; तिलाही सोबत आणा म्हटलंय. त्या म्हणाल्या, सून लाजते. मी म्हटलं, तिला बाजाराचं निमित्त सांगा.