ब्लांग पादांगचे मैदान

मे महिन्याच्या सुट्टीत धाकट्या भावाकडे क्वालालंपूरला गेले होते. तिथून विमानाने दीडेक तासावर इंडोनेशियाचा आचे प्रांत. राजधानी बांदा आचेला पोहोचलो आणि आधी बैतुर्रहमान मशिदीत जुहरची नमाज अदा केली. पांढऱ्या भिंती, काळे घुमट. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीत भोवतालचे शहर ढिगारा झाले, मशीद उभी राहिली. तिच्या आसऱ्याने कित्येकांचे प्राण वाचले. पण एकट्या इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे अल्लाहला प्यारी झाली.

तिथून ब्लांग पादांगच्या मैदानात गेलो. कडेने बोटीच्या नाळेसारखी छोटी स्मारके आहेत. प्रत्येकावर मदत करणाऱ्या एकेका देशाचे नाव आणि त्या देशाच्या भाषेत आभार.

"आपा, ही तर देशांची हजेरी!" भाऊ म्हणाला.

मला मात्र आमचा वर्ग आठवला. 2023 मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला. आपल्या सरकारने बचाव पथके आणि लष्कराचे रुग्णालय पाठवले. मी ते कौतुकाने सांगत होते, तेव्हा एका मुलाने विचारले, "बाई, आपल्या वर्गाचे छप्पर गळते, मग पैसे तिकडे कशाला?" मी त्याला गप्प बसवले. ते अजून मनाला लागून आहे.

असे प्रश्न 2004 मध्येही निघाले होते. संयुक्त राष्ट्रांचे मदतप्रमुख यान एगेलँड यांनी श्रीमंत देशांना कंजूस म्हटले आणि अमेरिकेत संताप उसळला. तिची मदत दीड कोटी डॉलरवरून आठवड्याच्या आत पस्तीस कोटींवर गेली. आपल्या तामिळनाडूत, अंदमानात हाहाकार असताना भारताने परदेशी सरकारांची मदत तूर्त नको म्हटले, आणि श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे जहाजे पाठवली. आचेच्या किनाऱ्यावर गेलेले 'निरूपक' तर रुग्णालय होऊन गेले होते. इंडोनेशियाने बाहेरच्यांना बंद असलेला हा प्रांत मदतीसाठी उघडला, पण परदेशी सैनिकांना मार्चअखेरची मुदतही दिली. देणाऱ्यालाही मान हवा, घेणाऱ्यालाही.

त्याच मैदानात एका जुन्या डकोटा विमानाची प्रतिकृती उभी आहे. 1948 मध्ये इंडोनेशियाचे प्रजासत्ताक स्वातंत्र्यासाठी झगडत होते, विमान घ्यायला पैसा नव्हता. सुकार्नो आचेत आले. इथल्या लोकांनी पैसे दिले, सोने दिले, आणि त्यातून 'सेउलावाह' हे विमान घेतले गेले. म्हणजे ज्या मैदानात आचेने जगाचे आभार मानले, तिथेच आचेने दिलेल्या दानाचीही खूण आहे. देणारा हात कायम वरच राहील, याची हमी कुणाला आहे?

जकात देताना आपण जवळच्या गरजूला आधी पाहतो, तेच योग्य. पण दूरची गरज अधिक मोठी असेल तर तिकडेही हात पोहोचतो. आणि दिल्यावर उपकार बोलून दाखवले तर सदका वाया जातो, ही कुरआनची शिकवण देशांनाही लागू पडावी.

जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा आता वरच्या वर्गात आहे. त्याला बोलावून मी माफी मागितली. म्हटले, "तुझा छपराचा प्रश्न बरोबर होता. तो मी लेखी अर्जाने वर कळवते. पण ढिगाऱ्याखालचा माणूस आपले छप्पर नीट होईपर्यंत थांबू शकत नाही, बेटा."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अर्जावर आम्हीही सह्या करू का?"