मोकळे हात

पायथ्याहून मलंगगडाकडे निघालो की पीरमाचीपर्यंत पायऱ्या सोबत करतात. सोनेमाचीच्या पुढे, बालेकिल्ल्याच्या चढावर मात्र दोन्ही हात कातळाच्या स्वाधीन करावे लागतात. तिथे हातात यंत्र धरायचे कसे? म्हणून आम्ही जीपीएसचा अँटेना टोपीवर बांधतो आणि यंत्र छातीशी अडकवतो.

जागा टोपीवरचीच का? उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो, की आपले शरीरही त्याला आडवे येते. ठिकाण कळायला किमान चार उपग्रहांचे संदेश लागतात. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संदेशातील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली, आणि शंभरेक मीटरांची तफावत दहा-वीस मीटरांवर आली. धुक्यात, कड्याच्या धारेवर, एवढा फरक जिवाचा असतो. तेव्हा या साधनाला कृत्रिम म्हणून नाक मुरडणे आम्हांला मान्य नाही.

पण कड्याच्या कुशीत शिरलो की अर्धे आकाश झाकले जाते, कातळावरून परतलेले संदेश मिसळतात आणि चूक पुन्हा वाढते. शिवाय गेल्या पावसाळ्यात वाटेवर दरड आली, हे उपग्रहाला ठाऊक नसते. ते पायथ्याच्या पाड्यावरील गुराख्याला ठाऊक असते. मोकळ्या झालेल्या हातांचा आम्हांला वाटणारा खरा लाभ हाच: मान वर राहते, समोरून येणारा माणूस दिसतो आणि थांबून त्याला वाट विचारता येते.