खिडकीच्या कोपऱ्यांतील फुली

दार मिटण्याचे प्रकार मराठींत किती आहेत, हें वाचकांनीं एकदां सहज मोजून पाहावें. दार लोटतात, ओढून घेतात, आंतून कडी लावतात, अडसर घालतात, आणि गांवास जावयाचें झाल्यास बाहेरून कुलूप घालतात. प्रत्येक क्रियेचा परिणाम निराळा, म्हणून तिचें नांव निराळें. दार नुसतें लोटलेलें असलें तर शेजारीण निःशंकपणें आंत येते. कडी असली तर हांक मारते. कुलूप दिसलें तर परत फिरते. संगणकाच्या पडद्यावर ज्या चौकटींस खिडक्या म्हणतात, त्यांस मात्र हें भाग्य अद्याप लाभलेलें नाहीं.

आम्ही राहतों तें रबाळें आतां ह्या यंत्रांचेंच गांव होऊं पाहत आहे. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या कडेला जेथें पूर्वीं नुसते कारखाने होते, तेथें डेटा सेंटर म्हणतात तसल्या इमारती उभ्या राहिल्या आहेत; शेजारच्या ऐरोलीस असंख्य तरुणतरुणी संगणकावर काम करण्यास रोज येतात. आमच्या पिढीच्या शिक्षकांनीं ही विद्या चाळिशीनंतर घेतली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ सालीं स्थापन झालें, आणि त्याचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम थोड्याच वर्षांत गांवोगांव पोंचला. त्या वर्गांतील अगदीं आरंभींचा धडा खिडकीच्या उजव्या कोपऱ्यांतील तीन बटणांचा. आडवी रेघ लहान करण्याची, चौकोन मोठें करण्याचा, आणि फुली बंद करण्याची.

शब्दांची संवय जडलेल्या मनुष्यास ह्यांतील पहिलाच शब्द खटकतो. रेघेवर टिचकी मारली असतां खिडकी लहान होत नाहीं. ती दिसेनाशी होते. जुन्या विंडोजमध्यें तिचें एक चिमुकलें चित्र होऊन पडद्याच्या तळाशीं बसे, तेव्हां तो शब्द शोभत होता. चित्र गेलें, शब्द राहिला. परंतु ह्याहून मोठी अडचण पुढची आहे. बाजूला ठेवणें, पसरणें आणि संपविणें ह्या तिन्ही क्रियांचे परिणाम सारखे नाहींत. तरी त्यांचीं बटणें एका मापाचीं, एका रांगेंत, खांद्याला खांदा लावून उभीं आहेत. स्वयंपाकघरांत मीठ, साखर आणि उंदराचें औषध एकाच आकाराच्या तीन डब्यांत शेजारीं शेजारीं ठेवणाऱ्या गृहिणीस आपण काय म्हणूं?

ही मांडणी कांहीं ईश्वरनिर्मित नव्हे. १९७० नंतरच्या दशकांत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेंत ह्या खिडक्या आकारास आल्या. ॲपलच्या १९८४ च्या मॅकिंटॉशवर बंद करण्याचा चौकोन डाव्या कोपऱ्यांत एकटाच असे. मायक्रोसॉफ्टच्या १९८५ च्या पहिल्या विंडोजमध्यें खिडक्या फरशांप्रमाणें शेजारीं शेजारीं बसत. एकीवर दुसरी ठेवण्याची सोय १९८७ सालीं आली. पुढें १९९२ च्या ३.१ ह्या आवृत्तींतही लहान-मोठें करण्याचे बाण उजवीकडे, तर बंद करण्याची जागा पार डावीकडे, आणि तिजवर लागोपाठ दोन टिचक्या माराव्या लागत. २४ ऑगस्ट १९९५ रोजीं बाजारांत आलेल्या विंडोज ९५ नें फुली उजवीकडे आणून मोठें करण्याच्या बटणाला चिकटवून बसविली. ॲपलनेंही २००१ सालीं लाल, पिवळा व हिरवा असे तीन ठिपके डावीकडे एकत्र आणले. सारांश, ज्याला आपण आज निसर्गक्रम समजतों, तो पुरता अर्धशतकाचाही नाहीं.

आणखी एक गोष्ट. पॉल फिट्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५४ सालीं दाखवून दिलें कीं, लक्ष्य जितकें मोठें व जितकें जवळ, तितका हात तेथें लवकर पोंचतो. पडद्याचा कोपरा ह्या दृष्टीनें फार सोयीचा. कारण बाण तेथें आपोआप अडतो, पुढें जाऊंच शकत नाहीं. खिडकी पूर्ण पसरली म्हणजे हा सुलभ कोपरा कोणाच्या वांट्यास येतो? फुलीच्या. जी क्रिया सर्वांत विचारानें करावयाची, तिला सर्वांत निष्काळजीपणें सांपडणारी जागा दिलेली आहे.

ह्याचें मोल कोण देतो तें सांगतों. आमचे एक स्नेही पत्नीच्या निधनानंतर तिच्या हातच्या पदार्थांचीं प्रमाणें संगणकावर उतरवीत होते. मेतकूट, सांडगे, पंचामृत. कांहीं स्वतःच्या आठवणींतून, कांहीं मुलीस विचारून. अकरा पदार्थ झाले होते. एका दुपारीं मागचें छायाचित्र पाहावें म्हणून ते लिहिलेलें पान बाजूस सारावयास गेले, आणि बाण फुलीवर पडला. यंत्रानें इंग्रजींत विचारलें, बदल जतन करावयाचे आहेत काय? स्नेह्यांनीं विचार केला, आपल्याला तर कांहींच बदलावयाचें नाहीं. आहे तसेंच राहूं दे! त्यांनीं नकार दिला, आणि अकराही पदार्थ गेले. पुतण्या म्हणाला, "काका, सेव्ह करायचें ना!" ते आम्हांस एवढेंच म्हणाले, "मास्तर, वय झालें आतां. हें आपल्याच्यानें व्हायचें नाहीं." त्या दिवसापासून त्यांनीं संगणकास हात लावलेला नाहीं.

आमचें म्हणणें असें कीं, येथें वयाचा कांहीं संबंध नाहीं. त्यांनीं विचारलेल्या प्रश्नाचें त्या शब्दांवरून निघणारें सरळ उत्तर दिलें. खोट प्रश्नांत होती, आणि त्याआधीं बटणाच्या जागेंत होती. डोनाल्ड नॉर्मन ह्या अमेरिकन पंडितानें १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत हेंच सांगितलें आहे कीं, वस्तूच्या सदोष घडणीचा दोष माणसें उगाच स्वतःच्या माथीं घेतात. आपल्याकडील वृद्ध तर तो विशेष तत्परतेनें घेतात, आणि घरांतील तरुण तो त्यांजपाशीं राहूं देतात.

पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायांत लोप ह्या संज्ञेची व्याख्या दिली आहे. लोप म्हणजे नाश नव्हे. असावयाचें तें दृष्टीस न पडणें, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यय लोपला तरी त्याच्या निमित्तानें होणारें कार्य चालूच राहतें, असेंही तो पुढें सांगतो. आणि जेथें मागें राहिलेल्या अंगावर तें कार्य व्हावयास नको, तेथें तो त्याच लोपास लुक्, श्लु, लुप् अशीं निराळीं नांवें देतो. अर्ध्या मात्रेची काटकसर करणारा हा वैयाकरण, पण परिणाम निराळा तेथें नांव निराळें देण्यास त्यानें कधीं काटकसर केली नाहीं. आमच्या फुलीचें काय आहे? कोठें ती लिहिलेलें पुसते. कोठें ती नुसती खिडकी झांकते आणि निरोपांचा कार्यक्रम घड्याळापाशीं जागाच राहतो. मॅकवर खिडकी मिटली तरी पुष्कळदां कार्यक्रम संपत नाहीं. एकच खूण, आणि कधीं लोप, कधीं नाश.

मग फुली उचलून दुसरीकडे न्यावी काय? तरुण अभियंते म्हणतात, लोकांच्या हातांस पडलेली संवय मोडणें महाग पडतें. आणि तें खरें आहे. उबुंटूनें २०१० सालीं बटणें डावीकडे नेलीं, वापरणाऱ्यांनीं कल्लोळ केला, आणि २०१७ सालीं तीं पुन्हां उजवीकडे आलीं. ग्नोमनें २०११ सालीं रेघ व चौकोन काढूनच टाकले. तेंही पुष्कळांस रुचलें नाहीं. म्हणून आमची सूचना निराळी आहे. फुली आहे तेथेंच राहूं द्यावी, पण तिचा परिणाम बदलावा. तिनें लोप करावा, नाश करूं नये. हें अशक्य नाहीं. ॲपलनें २०११ सालीं लिहिलेलें आपोआप जतन करण्याची रीत आणली. विंडोजमधील साधें नोटपॅडही २०२३ पासून न जतन केलेलें लिखाण पुन्हां उघडून देतें. ब्राउझरांत मिटलेलें पान परत बोलावतां येतें. हाच सर्वांचा धर्म व्हावा. बँकेचें पान परक्याच्या संगणकावर मिटतांना खराच शेवट हवा असतो, हें आम्हांस मान्य आहे. पण त्यासाठीं निराळें नांव, निराळी जागा आणि घरच्या भाषेंत विचारलेला निःसंदिग्ध प्रश्न असावा. दार लोटणें सोपें असावें. कुलूप लावणें जाणूनबुजून व्हावें.

हें मासिक ज्या घरांत जातें, त्यांतील पुष्कळ घरीं कोणी मुलगा वा सून हाच व्यवसाय करते. त्यांस आमची एकच विनंती आहे. एखाद्या रविवारीं आपल्या आईस किंवा सासऱ्यांस आपण घडविलेल्या खिडकीपुढें बसवावें, आणि अर्धा तास एक अक्षरही न बोलतां त्यांच्या हाताकडे पाहत राहावें. तो हात फुलीपाशीं जाऊन थबकला, तर आपलें काम अद्याप पुरें झालेलें नाहीं असें समजावें.